फिकटलेले गुलाब आणि टीकाकाराची साक्ष

चित्रासमोर उभा राहिलेला टीकाकार आपल्या डोळ्यांवर विसंबतो, हे स्वाभाविकच आहे. परंतु आज दिसणारा रंग चित्रकाराने लावलेलाच रंग होय, अशी ग्वाही त्याला कोणी दिली?

मे 1890 मध्ये सें-रेमीचे मनोरुग्णालय सोडण्यापूर्वी व्हिन्सेंट व्हॅन गॉगने आयरिस व गुलाब यांच्या गुच्छांची चार चित्रे रंगविली. त्यांपैकी वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय कलादालनातील गुलाब आज जवळजवळ पांढरे दिसतात. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयातील आयरिसांची पार्श्वभूमीही तशीच. या शुभ्रतेत कोणाला विरक्ती भासावी, कोणाला आजारातून सावरलेल्या मनाची शांती, यात नवल नाही. मात्र चित्रकाराच्या पत्रांत ते गुलाबही गुलाबी आहेत आणि ती पार्श्वभूमीही गुलाबी आहे.

मग तो रंग गेला कोठे? 1870 च्या दशकात प्रयोगशाळेत जन्मलेल्या इओसिन या कृत्रिम रंजकापासून ‘जिरेनियम लेक’ हा तांबडा रंग करीत. व्हॅन गॉगने तो वापरला. तो तेजस्वी खरा, पण उजेडात विटणारा. इओसिनच्या रेणूत ब्रोमीन असते. रंग उडाला तरी ते चित्रात उरते आणि क्ष-किरण टाकले असता ओळखू येते. अशा रीतीने, चित्रास स्पर्शही न करता, हरवलेल्या तांबड्याचा नकाशा काढता येतो. 2015 मध्ये चारही चित्रे न्यूयॉर्कला एकत्र मांडली गेली, तेव्हा मूळ रंगांचा शास्त्राधारित अंदाजही रसिकांपुढे ठेवण्यात आला.

म्हणून प्रयोगशाळेने टीकाकाराचे आसन घेतले, असे मात्र नव्हे. ब्रोमीन कोठे आहे हे यंत्र सांगेल. हिरव्याशेजारी गुलाबी ठेवल्याने मनात काय हलते, हे सांगणार नाही. शिवाय हे नवे रंग टिकाऊ नाहीत, हे चित्रकार स्वतः जाणून होता. काळ त्यांना सौम्य करणारच, तेव्हा ते धिटाईने, भडकच वापरावेत, असा विचार त्याने 1888 मध्येच भावाला लिहिलेल्या पत्रात मांडला होता.

म्हणूनच मूळ रंग कळला, तरी त्या चित्रांवर नवा गुलाबी हात फिरविणे हा जीर्णोद्धार ठरणार नाही. सकाळी वाहिलेले फूल सायंकाळी कोमेजते. त्याला कोणी रंग लावीत नाही. मात्र ते असेच उमलले होते, असेही कोणी म्हणू नये. एवढी सचोटी टीकेने पाळली, तरी पुष्कळ झाले.