विझण्याची लय

23 जानेवारी 1999 च्या गॅमा किरण स्फोटाचा प्रकाश-आलेख मी पुन्हा पुन्हा काढून बघतो. आडव्या अक्षावर काळ, उभ्या अक्षावर तेज आणि मधे उतरत गेलेले ठिपके. दिसायला एवढंच, पण या उताराला एक लय आहे, आणि तिच्यात त्या स्फोटाची सगळी हकिगत सामावली आहे.

पहिले ठिपके न्यू मेक्सिकोतल्या लॉस अलामॉसचे. तिथली ‘रॉट्सी’ ही स्वयंचलित यंत्रणा म्हणजे एकाच बैठकीवर बसवलेल्या कॅननच्या चार टेलिफोटो लेन्स. कॉम्प्टन उपग्रहाची वर्दी आली आणि स्फोटानंतर 22 व्या सेकंदाला तिने पहिलं छायाचित्र टिपलं. भूतप तारकासमूहात एक नवा ठिपका होता, साधारण 11.7 प्रतीचा (प्रतीचा आकडा जितका लहान, तितकं तेज जास्त). 47 व्या सेकंदाला तो 8.9 प्रतीवर पोहोचला. अंधाऱ्या आकाशात चांगल्या द्विनेत्रीतून दिसावा इतका तेजस्वी. आणि हा प्रकाश नऊ अब्जांहून अधिक वर्षं प्रवास करून आलेला! दहा मिनिटांत मात्र तो चौदाव्या प्रतीच्याही खाली गेला. पाच प्रती उतरल्या की तेज शंभर पटींनी घटतं, हे ध्यानात घेतलं की या घसरणीचा वेग कळतो.

बहुतेकांची नजर या लखलखाटावरच खिळते. मला खरी गोडी लागते ती त्यानंतर. सुरुवातीची तीव्र घसरण सौम्य होते आणि ठिपके एका सरळ रेषेत येतात. दोन्ही अक्ष लॉगरिदमिक असल्यामुळे ही रेषा सांगते, की स्फोटापासूनचा काळ दुप्पट झाला की प्रकाश निम्म्याहून किंचित कमी होतो. एका तासाचं तेज दोन तासांनी निम्मं, पण एका दिवसाचं तेज निम्मं व्हायला आणखी एक अख्खा दिवस. म्हणजे जसजसं वय वाढतं, तसतसं विझणंही संथ होत जातं. जवळजवळ प्रकाशाच्या वेगाने निघालेला झोत भोवतालचा विरळ वायू ढकलत, गोळा करत मंदावतो. त्या धक्क्यात वेगवान झालेले इलेक्ट्रॉन चुंबकीय क्षेत्रात प्रकाश फेकतात. तोच हा आफ्टरग्लो. सुरुवातीची चमक बहुधा झोतात उलट शिरलेल्या धक्क्याची होती.

आणि मग, साधारण दोन दिवसांनी, रेषा वाकते. उतार पुन्हा तीव्र होतो. या आलेखातली सर्वांत मोलाची जागा हीच. स्फोटाची ऊर्जा सर्व दिशांना सारखी गेली असं धरलं, तर केवळ गॅमा किरणांसाठीच जवळपास दोन सूर्यांचं वस्तुमान पूर्णपणे ऊर्जेत बदलायला हवं होतं. एका ताऱ्याच्या मृत्यूतून एवढं निघावं कसं? उत्तर त्या बाकात सापडलं. झोत वेगात असतो तेव्हा त्याच्या मधल्या चिंचोळ्या भागाचाच प्रकाश आपल्याकडे येतो. तो मंदावला की कडा दिसू लागतात, कडांपलीकडे काहीच नसतं, म्हणून तेज झपाट्याने घटतं. स्फोट सगळीकडे पसरलेला नव्हता, आपल्या दिशेने रोखलेला अरुंद झोत होता. ऊर्जेचा आकडा एकदम आवाक्यात आला.

हा बाक लखलखाटातून दिसला नसता. तो टिपला गेला, कारण विसाव्या प्रतीच्याही खाली गेलेल्या त्या क्षीण ठिपक्यामागे जगभरच्या दुर्बिणी रात्रीमागून रात्र लागल्या होत्या. नैनीतालची 104 सेंटीमीटरचीही त्यांत होती. पुढे पंधरवड्याने हबलने घेतलेल्या प्रतिमेत यजमान दीर्घिका दिसली, आणि मोजलेल्या प्रकाशात तिचा वाटा किती, हेही उलगडू लागलं. आज हानले इथे आयआयटी मुंबई आणि भारतीय खगोलभौतिकी संस्थेची 70 सेंटीमीटरची ‘ग्रोथ-इंडिया’ दुर्बीण असेच क्षणिक प्रकाश टिपते. स्फोट पकडणारा भाग्यवान खरा. पण त्याचा अर्थ त्यालाच लागतो, जो अंधुक होत चाललेल्या ठिपक्याला शेवटपर्यंत सोडत नाही.