चित्रातील मौन आणि संघर्षाचा अन्वयार्थ

भटक्या-विमुक्त आणि आदिवासी समाजांच्या अनुभवविश्वाचा विचार मराठी समीक्षेने मुख्यतः शब्दांच्या आधारे केला. लक्ष्मण माने यांचे ‘उपरा’ (१९८०) आणि लक्ष्मण गायकवाड यांचे ‘उचल्या’ (१९८७) या आत्मकथनांच्या चर्चेतून ‘साक्ष’ हा निकष रूढ झाला. सोसलेल्याने सोसलेले सांगावे आणि त्या सांगण्याच्या प्रखरतेवर कृतीचे मोल ठरावे, अशी ही धारणा आहे. परंतु याच सामाजिक थरांतून आलेल्या चित्रांपुढे हा निकष अडखळतो. या चित्रांत दैनंदिन जीवन विपुल आहे. संघर्षाचे थेट चित्रण मात्र विरळ आहे. या अनुल्लेखाला पलायन म्हणावे, की तो एक स्वतंत्र अर्थव्यूह मानावा, हा खरा प्रश्न आहे.

सोलापूर जिल्हा या प्रश्नाच्या विचारासाठी उपयुक्त भूमी आहे. पंढरपुरात १९१५ साली जन्मलेल्या मकबूल फिदा हुसेन यांच्या ‘जमीन’ (१९५५) या चित्रात ग्रामजीवनातील आकृती एका लांबट पटावर मांडलेल्या आहेत. तेथे माणूस व्यक्ती म्हणून येत नाही. नवस्वतंत्र राष्ट्राच्या खेड्याचे चिन्ह म्हणून येतो. याच जिल्ह्यातील मोहोळ तालुक्यातल्या शिरापूरचे शशिकांत धोत्रे यांची दिशा नेमकी उलट आहे. दगडफोडीवर जगणाऱ्या वडार कुटुंबातून आलेल्या या चित्रकाराने काळ्या कागदावर रंगीत पेन्सिलींनी ग्रामीण स्त्रीची चित्रे रेखाटली. लुगड्याचा पोत, त्याच्या चुण्या, अंगावरचे दागिने, उघड्या पावलांची त्वचा हे सारे छायाचित्राशी स्पर्धा करणाऱ्या बारकाव्याने उतरते. हुसेन यांच्या पटावर चिन्ह झालेली स्त्री येथे पुन्हा देहधारी, एकमेव व्यक्ती होते.

पण ही स्त्री बहुधा विसाव्याच्या क्षणी दिसते. तिच्या हाती घण नाही, पहार नाही. भोवती खाण नाही, पाल नाही. ज्या समाजाची गणना महाराष्ट्रात विमुक्त जातींत होते आणि ज्याच्या पिढ्या दगड-मातीच्या कामात झिजल्या, त्या समाजातून आलेल्या चित्रकाराने कष्टच वगळावेत, हे साक्षीच्या निकषावर वैगुण्य ठरते. मात्र या अपेक्षेमागील गृहीतक तपासले पाहिजे. कष्टकऱ्याने कष्टच रेखाटावेत, ही मागणी त्याला त्याच्या जातिनियत व्यवसायातच पुन्हा डांबते. ज्या शहरात गिरण्यांच्या आश्रयाने गुन्हेगार ठरवलेल्या जमातींची कुंपणबंद ‘सेटलमेंट’ उभी राहिली आणि जेथील रहिवाशांच्या माथ्यावरचा कायद्याचा शिक्का १९५२ साली पुसला गेला, त्या सोलापूरच्या परिसरात स्वस्थ बसलेली, कोणालाही जाब न देणारी स्त्री ही निव्वळ सौंदर्यकल्पना राहत नाही. विसावा हाही नाकारला गेलेला हक्क होता, याचे भान ती आकृती देते.

या अनुल्लेखाचे दुसरे आणि अधिक जुने उदाहरण वारली चित्रांत सापडते. वडारांप्रमाणे विमुक्त नव्हे, तर अनुसूचित जमात असलेल्या वारल्यांच्या घरात गेरूने सारवलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने सुवासिनी लग्नाचा चौक लिहीत आणि त्यात पालघट देवीची स्थापना होई. ज्या लग्नासाठी हा चौक लिहिला जाई, त्याच लग्नाच्या कर्जापायी जमीनदाराकडे वेठीला राहावे लागे. ‘लग्नगडी’ ही ती प्रथा. तिच्याविरुद्धचा १९४५ पासूनचा लढा गोदावरी परुळेकर यांनी ‘जेव्हा माणूस जागा होतो’ (१९७०) या ग्रंथात नोंदवला. चौकात मात्र सावकार नाही, दावे नाही, कर्ज नाही. याचा अर्थ ते लिहिणाऱ्या स्त्रीला कर्ज ठाऊक नव्हते असा होत नाही. जे जमीनदाराच्या वहीत चढवता येत नव्हते, तेवढेच तिने भिंतीवर राखले, असा अन्वय अधिक सयुक्तिक आहे.

सत्तरच्या दशकात भास्कर कुलकर्णी यांच्या पुढाकाराने ही चित्रे कागदावर आली आणि डहाणू तालुक्यातील गंजाडचे जिव्या सोमा मशे (निधन २०१८) यांनी त्यांना विधीच्या चौकटीबाहेर नेले. भातलावणी, मासेमारी, तारपानृत्य हे त्यांचे विषय. त्रिकोणांनी सांधलेल्या त्या देहांना चेहरे नाहीत. पण प्रत्येक देह काही ना काही करतो आहे. धोत्रे यांच्या चित्रात व्यक्ती आहे आणि काम नाही. मशे यांच्या चित्रात काम आहे आणि व्यक्ती नाही. म्हणजे दोघांच्या मौनाची जागा निराळी आहे.

येथे तंत्राचा विचार अपरिहार्य ठरतो. वारली रेषेत हाताचा कंप आणि टिंबांची पुनरावृत्ती उघड दिसते. करणाऱ्याचा वेळ चित्रात शिल्लक राहतो. पेन्सिलीच्या थरावर थर चढवीत पुरे होणारे धोत्रे यांचे चित्र तितकेच, किंबहुना अधिक, चिकाटीचे काम आहे. विषयातून वगळलेला श्रम तेथे हस्तकौशल्यात परततो. परंतु वास्तवाभासाची पूर्णता साधताच त्या श्रमाच्या खुणा पुसल्या जातात. पाहणारा कापडाच्या झळाळीपाशी थांबतो, हातापर्यंत पोचत नाही. या कलेची मर्यादा सांगायची तर ती विषयाच्या निवडीत नाही, या पुसण्यात आहे. काळी भूमीही म्हणून द्व्यर्थी होते: ती स्त्रीला कामाच्या धबडग्यातून सोडवते, आणि तिच्या गावापासून तोडतेही.

चित्रकाराने निवडलेले मौन आणि बाजाराने लादलेले मौन यांतील भेद समीक्षेने याच ठिकाणी स्पष्ट करावयास हवा. पेल्यांवर, साड्यांवर, हॉटेलांच्या भिंतींवर छापलेला तारपानृत्याचा आकृतिबंध संघर्ष ‘सांगत नाही’ असे नव्हे. तेथे सांगण्याची शक्यताच उरलेली नसते. भिंतीवरच्या चौकाला भोवतालच्या घराचा, कर्जाचा, लढ्याचा संदर्भ होता; मौन त्या संदर्भाने भारलेले होते. संदर्भ गळाला की तेच मौन समाधानाची पावती म्हणून वाचले जाते. धोत्रे यांच्या विसावलेल्या स्त्रीलाही ग्राहकाच्या दिवाणखान्यात हाच धोका संभवतो.

तेव्हा चित्राकडून आत्मकथनाचे काम मागणे जितके अयोग्य, तितकेच त्याच्या शांततेवर संतुष्ट होणेही अयोग्य. आत्मकथन जखम दाखवते. ही चित्रे जखम होण्यापूर्वीचे, किंवा जखमेनेही न हिरावलेले, जगणे दाखवतात. त्या जगण्याचे मोल कळण्यासाठी वाचकाला लग्नगडी आणि सेटलमेंट ठाऊक असावे लागतात. चित्राने न सांगितलेले हे ज्ञान त्याच्या शेजारी आणून ठेवणे, ही जबाबदारी समीक्षेची आहे.