जखम आणि खूण

युद्धांत जखमी होऊन परतलेला पति आणि त्याची पत्नी यांच्या पुनर्भेटीवर लिहिणाऱ्या कवीस एक मोह हटकून पडतो. जखमेचें सविस्तर वर्णन करावें, पत्नीस रडवावें आणि वाचकांकडून चार आसवें वसूल करावीं. अशा काव्यांत कीव पुष्कळ असते. पतिपत्नी मात्र नसतात, असें आम्हांस वाटतें.

या विषयाची खरी कसोटी होमरच्या 'ओडिसी'त सांपडते. वीस वर्षांनीं घरीं आलेल्या ओडिसिअसला म्हातारी दाई पायावरील जुन्या व्रणावरून ओळखते. तो व्रण सांगूनही पत्नी पेनेलोपी निःशंक होत नाहीं. मुलगा तिला कठोर म्हणतो. तरी ती समोर निमूट बसून राहते. मग, पाहुण्यासाठीं शयनगृहांतला पलंग बाहेर काढून घाला, असें ती दाईस सांगते, आणि ओडिसिअस संतापतो. जमिनींत रुजलेल्या ऑलिव्हच्या बुंध्यावर तो पलंग त्यानें स्वतः घडविलेला; तो हलावा कसा? हें गुपित त्या दोघांवांचून एका विश्वासू दासीसच ठाऊक होतें. व्रण कोणासही दिसतो. ही खूण संसाराची आहे. पेनेलोपी पतीची कीव करीत नाहीं, परीक्षा घेते. म्हणूनच तो पुन्हां तिचा पति होतो.

आपल्याकडे उत्तर पेशवाईंत आमच्या सोलापूरचे रामजोशी व त्यांचे समकालीन शाहीर यांनीं लावणी वैभवास नेली. त्या काळच्या लावण्यांत मोहिमेवर गेलेल्या पतीसाठीं झुरणारी स्त्री वारंवार भेटते. परंतु लावणीचा जीव विरहांत आहे. स्वारी घरीं यावी, येथें तिची मागणी संपते. आलेल्याचा हात शाबूत नसेल तर पुढें काय, हा तिचा विषय नव्हे.

महाराष्ट्रांतील घरांना मात्र हा प्रश्न पडलेला आहे. पहिल्या महायुद्धांत मराठा पलटणी मेसोपोटेमियांत लढल्या. १९१५-१६ मधील कूटच्या वेढ्यांत त्यांतील कांहीं सांपडल्या. अपंग जवानांना धंदेशिक्षण देणारी, आज खडकी येथें असलेली क्वीन मेरी संस्था १९१७ सालची. अशी संस्था हातांस काम देऊं शकते. घरीं आलेला मनुष्य पत्नीला पुन्हां आपला कसा वाटला, हें कवीनेंच सांगावयाचें असतें.

त्यासाठीं ऑलिव्हचा पलंगच हवा असें नाहीं. एका हातानें अडकित्ता चालत नाहीं, म्हणून सुपारी आतां ती कातरते; पण चुना जास्त झाला म्हणून तो पूर्वींसारखाच कुरकुरतो, आणि तिला हसूं येतें. एवढेंही पुरे. असा क्षण ज्या कवितेंत असेल, तिच्यांत जखमेचें वर्णन एका ओळीचें असलें तरी आमची तक्रार नाहीं.