जन्मजात नायक आणि न हाताळलेली प्रत

चित्रकथा हा विषय आपल्या परिसंवादांत सहसा येत नाही. कविता, आत्मकथन, नाटक यांवर आपण हिरिरीने वाद घालतो. मात्र आपल्या वस्तीतल्या मुलाच्या हाती शाळेच्या पुस्तकाबाहेरचे जे पहिले छापील पान पडते, ते बहुधा चित्रकथेचे असते आणि तो जे पहिले स्वप्न पाहतो ते बहुधा सिनेमाच्या पडद्यावरचे असते. मुलाच्या मनातील नायकाची प्रतिमा तिथे घडते. तेव्हा हा प्रांत पोरकट म्हणून सोडून देणे म्हणजे तो प्रस्थापितांच्या हवाली करणे होय.

प्रारंभी बाजाराची गोष्ट. अमेरिकेत १९३८ साली ‘ॲक्शन कॉमिक्स’चा पहिला अंक निघाला. किंमत दहा सेंट. त्यात ‘सुपरमॅन’ प्रथम अवतरला. त्याच अंकाची एक प्रत २०२४ साली लिलावात साठ लाख डॉलरला विकली गेली. हा नायक निर्माण करणारे जेरी सीगल आणि जो शुस्टर हे ज्यू स्थलांतरितांच्या घरांतले दोन गरीब तरुण. त्यांना कथेसह नायकाच्या सर्व हक्कांचे मिळाले होते एकशे तीस डॉलर. पुढे कोर्टकचेऱ्यांत त्यांचे आयुष्य गेले. १९७५ साली, सुपरमॅनचा मोठा चित्रपट येऊ घातला असताना, लोकलज्जेस्तव कंपनीने त्यांना वार्षिक निवृत्तिवेतन दिले आणि त्यांची नावे पुन्हा छापू लागली. श्रम कोणाचे आणि मालकी कोणाची, हा प्रश्न आपल्याला नवा नाही. कोटींची उलाढाल करणारा नायकही त्याला अपवाद नाही, एवढेच येथे नोंदवायचे.

मात्र या बाजाराची खरी नीती वेगळ्याच ठिकाणी उघडी पडते. संग्राहकांच्या बाजारात प्रत्येक अंकाला दहापैकी गुण देतात. कोपरा दुमडला, गुण गेले. पानावर बोटाचा डाग पडला, गुण गेले. मुलाने आपले नाव लिहिले, आणखी गेले. गुण देऊन झाले की अंक कडक प्लॅस्टिकच्या पेटीत कायमचा बंद करतात. पेटी फोडून तो वाचायला घेतला तर दिलेला दर्जा रद्द होतो. म्हणजे ज्या अंकाला माणसाचा हात कमीत कमी लागला तो सर्वांत मौल्यवान, आणि ज्याला शंभर हात लागले तो रद्दी. स्पर्शाने वस्तू बाटते हा सिद्धांत ज्यांच्या पाठीवर हजारो वर्षे लिहिला गेला, त्यांना या बाजाराचे व्याकरण समजावून सांगावे लागू नये. जुने दुर्मिळ कागद जपू नयेत असे मी म्हणत नाही. वाचनाने वस्तूची किंमत घटते असे मानणाऱ्या व्यवहाराला संस्कृतीचे जतन म्हणावे काय, एवढाच माझा प्रश्न आहे.

आपल्याकडे हाच बाजार लहान प्रमाणावर ‘इंद्रजाल कॉमिक्स’भोवती उभा आहे. टाइम्स समूहाने १९६४ साली ही मालिका सुरू केली आणि १९९० साली ती बंद पडली. इंग्रजी, हिंदीबरोबर ती मराठीतही निघत होती. तिचे सुरुवातीचे अंक आज संग्राहक मोठ्या किमतीला घेतात. नागसेनवनातील वसतिगृहांत शिकलेल्या एका पिढीला हे अंक वेगळ्या रूपात आठवतील. एक अंक यायचा, तो खोलीखोलीतून फिरायचा, मुखपृष्ठ गळायचे, मधली पाने सुटायची, कोणीतरी सुईदोऱ्याने ती पुन्हा शिवायचे. तेलाचे डाग, कोपऱ्यांच्या घड्या, समासातली बेरीज. त्या प्रतीला बाजारात शून्य किंमत आहे. परंतु वाचनाचा इतिहास लिहायचा झाला तर पुरावा त्याच प्रतीत सापडेल, पेटीतल्या प्रतीत नाही.

त्या अंकातील नायक कोण होता? वेताळ. १९३६ साली ली फॉकने निर्माण केलेला ‘फँटम’. जंगलात राहणारा गोरा पुरुष. भोवती काळे आदिवासी, जे त्याला अमर मानतात. प्रत्यक्षात तो अमर नसतो. बाप मेला की मुलगा तोच मुखवटा चढवतो, तीच अंगठी घालतो आणि कवटीच्या सिंहासनावर बसतो. असे करीत वेताळाची एकविसावी पिढी गादीवर आली. जंगलातले बांडर लोक हे गुपित जाणतात आणि निष्ठेने सांभाळतात. चारशे वर्षांत त्यांच्यापैकी एकालाही त्या सिंहासनावर बसावेसे वाटत नाही! आपण लहानपणी हे वाचले आणि वेताळाच्या बाजूने टाळ्या वाजवल्या. बांडरांच्या मुलांचे काय होते, ती शाळेत जातात काय, हे विचारण्याचे आपल्याला सुचले नाही. पराक्रम जन्माने मिळतो, बाकीच्यांनी सेवा करावी, या शिकवणीला आपल्याकडे फार जुने नाव आहे. येथे ती रंगीत चौकटींतून आली, म्हणून ओळखू आली नाही.

वेताळ एकटा नाही. बॅटमॅनकडे वडिलोपार्जित संपत्ती आहे. सुपरमॅन दुसऱ्या ग्रहावरच्या जन्मामुळे थोर आहे. आपल्या हिंदी सिनेमातल्या ‘क्रिश’ला (२००६) शक्ती मिळते ती बापाच्या रक्तातून. दर्जी किंवा बूट शिवणारा अशा शक्तीचा धनी क्वचित होतो. मल्याळम भाषेतील ‘मिन्नल मुरली’त (२०२१) एक शिंपी नायक होतो खरा, आणि म्हणून तो चित्रपट ताजा वाटतो. परंतु तीच वीज त्याच क्षणी चहाच्या दुकानातल्या शिबूवरही पडते. गावाने आयुष्यभर हिणवलेला हा माणूस खलनायक ठरतो. गावाने त्याचे जे केले त्याचा हिशेब चित्रपट मांडतो आणि शेवटी त्यालाच मारून तो मिटवतो.

आज अमेरिकेतील या चित्रपटांना उतरती कळा लागल्याची चर्चा आहे. २०१९ साली ‘ॲव्हेंजर्स : एंडगेम’ने जगभरातून पावणेतीन अब्ज डॉलरच्या वर कमाई केली. त्याच कंपनीच्या ‘द मार्व्हल्स’ने २०२३ साली जेमतेम वीस कोटी डॉलर मिळवले. एकच गोष्ट पुन्हा पुन्हा विकल्यावर गिऱ्हाईक कंटाळते, हे त्याचे साधे कारण. आपल्याकडे मात्र याच सुमारास या प्रकाराला नवे भांडवल सापडले आहे, आणि ते भांडवल म्हणजे पुराण. २०२४ सालच्या तेलुगू ‘हनु-मान’मध्ये खेड्यातल्या मुलाला शक्ती मिळते ती हनुमंताच्या रक्तापासून झालेल्या मण्यातून. त्याच वर्षीच्या ‘कल्की २८९८ एडी’मध्ये यंत्रयुगातील शोषित जनता वाट पाहते ती अजून जन्मालाही न आलेल्या अवताराची, आणि त्याच्या रक्षणाला अश्वत्थामा उभा असतो. आठशे-नऊशे वर्षांनंतरच्या जगाची कल्पना करतानाही आपल्या चित्रपटाला लोकांचे संघटन सुचत नाही. गर्भातला उद्धारक सुचतो.

अशा नायकांची समीक्षा आपल्याकडे केव्हाच सुरू झाली आहे, आणि तिची सुरुवात सिनेमाच्या जन्माआधीची आहे. जोतीराव फुल्यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ लिहिली. धोंडिबाशी संवाद करीत त्यांनी मत्स्य, कच्छ, वराह, नृसिंह, वामन, परशुराम असे एकेक अवतार चौकशीला घेतले. ज्याला चमत्कार म्हणतात त्यामागे कोणाचे आक्रमण आहे, कोणाचा पराभव आहे, वामनाने ज्याला पाताळात घातला त्या बळीचे राज्य कसे होते, हे त्यांनी विचारले. परशुराम चिरंजीव आहे ना, मग त्याने समोर यावे, असे जाहीर आव्हान त्यांनी त्याला दिले. त्यांच्या इतिहासमांडणीतील प्रत्येक तपशील आज टिकेल न टिकेल. पण अतिमानवी नायकाकडे पराभूतांच्या बाजूने पाहण्याची ती पद्धत आजच्या कोणत्याही चित्रपट-समीक्षेला पुरून उरेल. ‘कल्की’ पाहून आलेल्या विद्यार्थ्याच्या हाती शिक्षकाने ‘गुलामगिरी’ द्यावी. दुसरे पाठ्यपुस्तक लागणार नाही.

नकार दिल्यानंतर पर्याय कोणता, हा प्रश्न उरतोच. १९७९ साली ‘अमर चित्र कथा’ने बाबासाहेबांवर अंक काढला. संहिता एस. एस. रेगे यांची, चित्रे दिलीप कदम यांची. ज्या काळी शालेय पुस्तकांत बाबासाहेब चार ओळींत उरकले जात, त्या काळी हा अंक अनेक घरांत पोचला. त्याचे मोल मी नाकारीत नाही. तथापि तो ज्या रांगेत उभा आहे ती रांग देव, अवतार, राजे आणि संत यांची आहे. तेच चौकटींचे बंधन, तोच मध्यभागी उभा असलेला एकटा महापुरुष. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात ज्यांनी राम-कृष्णाला अवतार मानणार नाही अशी प्रतिज्ञा दिली, त्यांचे चरित्र राम-कृष्णाच्या मालिकेत बसते, हा विरोधाभास त्या अंकाला सोडवता आला नाही.

२०११ साली नवयान प्रकाशनाने ‘भीमायन’ आणले. दुर्गाबाई व्याम आणि सुभाष व्याम या परधान गोंड कलावंतांनी ते चितारले. त्यांनी माणसांना चौकटीत कोंडले नाही. पानभर वाहणाऱ्या गोंडी नक्षीने प्रसंग वेगळे केले. मायेने बोलणाऱ्याचे शब्द पाखराच्या आकारात येतात. जातीचे विष ओकणाऱ्याच्या शब्दांना विंचवाची नांगी असते. तेथे बाबासाहेबांना कोणतीही अलौकिक शक्ती नाही. लहान भीम तहानलेला आहे. गोष्ट पाण्याची आहे, निवाऱ्याची आहे, प्रवासाची आहे. मुख्य म्हणजे काढणारा हात स्वतः वंचितांचा आहे. त्यामुळे नायक मोठा होतो आणि त्याच्या भोवतालची माणसे, जनावरे, झाडे लहान होत नाहीत.

२०२५ साली आलेल्या ‘लोका’ या मल्याळम चित्रपटाने आणखी एक दार उघडले. त्यातील अतिमानवी नायिका आदिवासी वस्तीत जन्मलेली मुलगी आहे आणि तिची कथा राजाच्या जुलमापासून सुरू होते. प्रेक्षकांनी तो डोक्यावर घेतला, याचा आनंद आहे. पण तिला शक्ती मिळते आणि तिची वस्ती कथेतून संपते. ती शतकानुशतके एकटीच फिरत राहते. अन्याय समूहावर झाला आणि शक्ती एकटीला मिळाली, ही या प्रकाराची अट नायिका बदलल्यानेही सुटत नाही.

आता थोडे स्वतःकडे पाहू. बाबासाहेबांनाच अतिमानव करण्याची ओढ आपल्या पोस्टरांतून, गाण्यांतून, चित्रांतून वाढते आहे. १९४३ साली पुण्यात रानड्यांवरील व्याख्यानात त्यांनी व्यक्तिपूजेचा धोका सविस्तर मांडला होता. २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधानसभेत त्यांनी राजकारणातील भक्ती हुकूमशाहीकडे नेते असा इशारा दिला. हे इशारे त्यांनी विरोधकांसाठीच दिले होते अशी आपली सोयीची समजूत आहे काय?

महाडचे उदाहरण घ्या. चित्रात आपण एका ओंजळीभोवती प्रकाशवलय काढतो. प्रत्यक्षात १९२३ साली सी. के. बोले यांचा ठराव कायदे मंडळात मंजूर झाला. महाडच्या नगरपालिकेने तळे खुले केल्याचा निर्णय घेतला आणि तो कागदावर राहिला. रामचंद्र बाबाजी मोरे यांच्यासारख्या तरुणांनी परिषद उभी केली. गावोगावची माणसे भाकरी बांधून चालत आली. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांच्या पाठोपाठ हजारोंनी ते पाणी घेतले, आणि परतताना अनेकांनी मार खाल्ला. ज्या चित्रकथेत ही हजारो माणसे केवळ पार्श्वभूमी होतात, ती कितीही भक्तीने काढलेली असो, तिने महाडचा सत्याग्रह काढलेला नाही. नायकाच्या भोवतीची माणसे काही करतात की नुसती पाहतात, हा निकष प्रत्येक चित्रकथेला आणि चित्रपटाला लावून पाहावा.

शेवटी जतनाचा प्रश्न. वसंत मून यांनी आयुष्य वेचून बाबासाहेबांचे लेखन गोळा केले नसते, १९७९ पासून त्याचे खंड शासनाकडून निघाले नसते आणि ‘मूकनायक’, ‘बहिष्कृत भारत’ पुन्हा छापले गेले नसते, तर आपण काय वाचले असते? तेही संग्राहकच. मात्र त्यांनी कागद पेटीत घालण्यासाठी नव्हे, तर लाखो हातांत जाण्यासाठी जमवले. आज या शहरात, तेव्हाच्या औरंगाबादेत, नामांतराच्या लढ्यातील पत्रके, जलशांच्या चोपड्या आणि जुन्या अनियतकालिकांचे अंक घराघरांतील पेट्यांत जीर्ण होत आहेत. १९७८ ते १९९४ या सोळा वर्षांत ते खिशात घडी करून फिरवलेले, घामाने भिजलेले, मोर्चात वाटलेले कागद आहेत. कोणताही लिलाव त्यांना दहापैकी एकही गुण देणार नाही. दरवर्षी १४ जानेवारीला विद्यापीठाच्या प्रवेशद्वारापाशी जी गर्दी लोटते, तिच्यातील विद्यार्थ्यांनी यंदा घरच्या वडीलधाऱ्यांना एवढेच विचारावे : असा एखादा कागद आपल्याकडे आहे काय? असेल तर त्याची प्रत काढावी, तो कोणी लिहिला, कोठे छापला, कोणी वाटला हे त्यांच्याच तोंडून लिहून घ्यावे, आणि ती प्रत चार जणांना वाचायला द्यावी.