वेळेतलं टिंब

आपल्या मंडळांची पत्रकं, लग्नपत्रिका, चातुर्मासाचे तक्ते यांत वेळ कशी छापतात ते एकदा नीट बघा. 'सायं. ६.०५'. सहा, मग टिंब, मग शून्य पाच. लहानपणापासून बघत आल्यामुळे ते कुणाला खटकत नाही. मला मात्र ते खटकतं, आणि त्याचं कारण शुद्धलेखन नाही. आपल्यातल्या कित्येकींचं संध्याकाळचं जेवण त्या टिंबावर अवलंबून आहे.

मागच्या वर्षी एक तक्ता हातात आला. कुणाचा ते सांगत नाही, काढणाऱ्यांचा हेतू चांगलाच होता. एका रकान्यात सूर्यास्त आणि शेजारच्या रकान्यात जेवण संपवायची वेळ, म्हणजे सूर्यास्ताआधी दोन घडी. दोन घडींचा एक मुहूर्त, ४८ मिनिटं. पाणी गाळताना, दूध तापवताना आपण जो हिशेब धरतो तोच हा. डिसेंबरातल्या एका ओळीत सूर्यास्त ६.०५ होता आणि त्यापुढे जेवणाची वेळ ५.५७. पाच सत्तावन्न! सूर्य मावळायला जेमतेम आठ मिनिटं. खरी वेळ पाच वाजून सतरा मिनिटं.

हे कसं झालं ते कळायला फार डोकं लागत नाही. कॅल्क्युलेटरवर ६.०५ मधून ०.४८ वजा करा, बरोबर ५.५७ येतं. यंत्राचं चुकलं नाही. टिंब म्हणजे दशांशचिन्ह आणि त्यापुढे शंभर घरं, एवढंच त्याला ठाऊक. तासात घरं साठ. हातचा घेताना यंत्रानं साठाऐवजी शंभर घेतले, म्हणून बरोबर चाळीस मिनिटांचा फरक पडला. बाकीच्या ओळी बरोबर होत्या. सूर्यास्त ६.३० असेल तर यंत्र ५.८२ दाखवतं, आणि घड्याळात ब्याऐंशी मिनिटं नसतात हे कुणालाही कळतं. तिथं कुणीतरी हातानं दुरुस्त केलं असणार. ५.५७ चा चेहरा मात्र अगदी वेळेसारखा, म्हणून तो सुटला. आणि ज्या बाईनं दोन घडीचा नियम घेतलाय ती त्या दिवशी तक्त्यावर विश्वास ठेवून निवांत जेवत बसली असेल.

जुनी पंचांगं काढून बघा. त्यांत 'घ.' आणि 'प.' असे दोन वेगळे रकाने असत, घटी एका बाजूला, पळं दुसऱ्या बाजूला. पुढे तास-मिनिटं आली तेव्हाही 'क.' आणि 'मि.' असे दोन रकाने ठेवले. पैशांचंही तसंच. माझ्या सासूबाईंच्या जुन्या वहीत रुपये, आणे, पै यांच्या उभ्या ओळी आखलेल्या आहेत. सोळा आण्यांचा रुपया आणि बारा पैंचा आणा असताना मधे टिंब देऊन भागलंच नसतं. १९५७ साली नवा पैसा आला, रुपयाचे शंभर भाग झाले. वजनमापंही दहाच्या पटीत गेली. तिथं टिंब शोभतं. घरात साठाच्या हिशेबाची एकच वस्तू उरली, ती म्हणजे वेळ, आणि तिलाही आपण बाकीच्यांचेच कपडे चढवले.

बोलताना आपण असा घोटाळा करत नाही बघा. साडेपाच किलो म्हणजे ५.५, साडेपाच रुपये म्हणजे ५.५०, साडेपाच वाजता म्हणजे ५.३०. तोंडात शब्द एकच. 'साडे' म्हणजे वर अर्धं. ते अर्धं कशाचं, हे पुढचा शब्द सांगतो. टिंब नेमका तो पुढचा शब्द गिळून टाकतं.

या बाबतीत मला महावीराचार्यांचा 'गणितसारसंग्रह' फार आवडतो. नवव्या शतकातला, राष्ट्रकूट राजा अमोघवर्षाच्या काळातला हा ग्रंथ. त्याचा हिंदी अनुवाद १९६३ साली सोलापूरहून निघाला. गणित मला बेताचंच कळतं, पण पहिल्या प्रकरणातली कालाची परिभाषा कुणीही वाचावी. सात उच्छ्वासांचा एक स्तोक, सात स्तोकांचा एक लव, साडेअडतीस लवांची एक घडी, दोन घडींचा मुहूर्त, तीस मुहूर्तांचा अहोरात्र. दर पायरीला पट वेगळी, म्हणून दर पायरीला नाव वेगळं.

त्यातलं साडेअडतीस बघून मी थबकले. खालची मोजणी श्वासापासून साता-साताच्या पटीनं वर येते. वरून दिवसाचे तीस आणि साठ भाग पडत खाली येतात. दोन्ही जिथं भेटतात तिथं अर्धा लव उरतो. पोलक्याची बाही खांद्याला जोडताना एखादी चूण राहावी, तसा. परंपरेनं तो लपवला नाही, आचार्यांनीही नाही. मुहूर्ताचे उच्छ्वास ३७७३ होतात, मिनिटाला साधारण ७८. प्रवचनात कुणी म्हणतं, बघा, ही तर नाडीच. असेल जुळत. पण ग्रंथात शब्द उच्छ्वास आहे, आणि स्वस्थ बसलेला माणूस मिनिटाला इतके श्वास घेत नाही. जुळवून घ्यायची एवढी घाई कशाला?

वेळच दहाच्या पटीत आणावी असंही कुणी सुचवेल. फ्रान्सच्या क्रांतिकारकांनी १७९३ मध्ये ते करून पाहिलं, दहा तासांचा दिवस, शंभर मिनिटांचा तास. १७९५ मध्ये सक्ती काढून घ्यावी लागली. साठाचे अर्धे, तिसरे, चौथे, पाचवे, सहावे भाग बिनतक्रार पडतात. दहाचा तिसरा भाग काढताना तोंड वाकडं होतं. वेळ आहे तशी राहू दे. ती लिहायची तेवढी नीट लिहावी.

पुढच्या वर्षीच्या तक्त्याचं काम ज्या बायकांकडे आहे, त्यांनी तीन रकान्यांऐवजी पाच आखावेत: तारीख, सूर्यास्ताचे क. आणि मि., जेवणाचे क. आणि मि. कागद तेवढाच लागतो. आणि छापायला देण्याआधी एकीनं डिसेंबरच्या ओळी तोंडानं मोजाव्यात. सहा वाजून पाच. त्यातून पाऊण तास गेला, पाच वीस. आणखी तीन मिनिटं गेली, पाच सतरा.