सृष्टीची कथा आणि आत्म्याची कथा : ऑगस्टिनच्या ‘कन्फेशन्स’मधील अर्थनिर्णय

ऑगस्टिन (इ. स. ३५४–४३०) ह्याच्या ‘कन्फेशन्स’ ह्या लॅटिन ग्रंथाची रचना प्रथमदर्शनी विस्कळीत वाटते. तेरा खंडांपैकी पहिल्या नऊ खंडांत बालपण, विद्यार्थिदशा, मानीपंथाशी आलेला संबंध, इ. स. ३८६ मध्ये मिलान येथे झालेले परिवर्तन आणि मातेचा मृत्यू असा जीवनक्रम येतो. दहाव्या खंडात स्मृतीचे विवेचन आहे. पुढील तीन खंडांत मात्र जीवनकथन थांबते आणि बायबलच्या ‘उत्पत्ति’ ह्या पुस्तकातील सृष्टिकथेवरील भाष्य सुरू होते. हे भाष्य आत्मचरित्राला मागाहून जोडलेले परिशिष्ट आहे, असे मानण्याचा मोह होतो. वस्तुतः ते आत्मचरित्राचाच उत्तरभाग होय. सर्वांच्या समाईक संहितेत व्यक्तीला स्वतःचा आध्यात्मिक अर्थ आढळतो, तेव्हा तो सापडलेला असतो की तीत घातलेला असतो, हा प्रश्न त्यातून उपस्थित होतो.

ह्याच संहितेची निवड का झाली, हे ऑगस्टिनच्या चरित्रावरून कळते. सुमारे नऊ वर्षे तो मानीपंथाचा श्रोता होता. ईश्वराने मनुष्याला आपल्या प्रतिरूपात निर्माण केले असेल, तर ईश्वरालाही केस व नखे आहेत काय, अशा प्रश्नांनी तो पंथ जुन्या कराराचा उपहास करीत असे. पुढे मिलानमध्ये बिशप अँब्रोज ह्याची प्रवचने ऐकताना, ह्या शब्दांना वाच्यार्थापलीकडेही अर्थ असू शकतो, हे ऑगस्टिनच्या ध्यानात आले. जी कथा श्रद्धेच्या मार्गातील अडसर होती, तिच्याकडे तो आयुष्यभर पुनःपुन्हा वळला. त्याच्या अनेक भाष्यांपैकी ‘कन्फेशन्स’मधील (सुमारे इ. स. ३९७–४०१) भाष्याचे वैशिष्ट्य असे, की ते ईश्वराला उद्देशून केलेल्या निवेदनाच्या रूपात आहे.

तेराव्या खंडात सहा दिवसांची कथा जीवात्म्याच्या घडणीची कथा म्हणून वाचली आहे. आकारहीन पृथ्वी व जलराशीवरील अंधार म्हणजे अज्ञानाने झाकलेले अंतःकरण. प्रकाशाची आज्ञा म्हणजे त्या अंतःकरणाला झालेले परत फिरण्याचे आवाहन. अंतराळ म्हणजे मर्त्य मानवांवर कातड्याप्रमाणे ताणलेले धर्मशास्त्र. कडू समुद्र म्हणजे ऐहिक वासनांनी एकत्र आलेला जनसमूह. कोरडी भूमी म्हणजे ईश्वराची तहान लागलेले जीव, आणि तिचे फळ म्हणजे दयेची कृत्ये. सातव्या दिवसाची संध्याकाळ कथेत सांगितलेली नाही. त्यात ऑगस्टिनला शाश्वत विश्रांतीची खूण दिसते. ग्रंथारंभी ज्या अस्वस्थ अंतःकरणाचा निर्देश आहे, त्याचा विसावा तो हाच.

जीवनकथा आणि सृष्टिकथा ह्यांना जोडणारा दुवा एका क्रियापदात आहे. निर्मित वस्तू आकारहीन असते. ती निर्मात्याकडे वळते तेव्हा तिला आकार व प्रकाश लाभतो, असे येथे प्रतिपादन आहे. ह्या वळण्यासाठी योजलेले लॅटिन क्रियापद ‘कोन्व्हेर्तेरे’ हेच मिलानमधील परिवर्तनाच्या वर्णनातही येते. म्हणून हे परिवर्तन त्याच्या दृष्टीने सृष्टिक्रियेचेच एका जिवात घडलेले रूप ठरते. असा अर्थ कथेवर वरून चिकटविलेला अलंकार नव्हे. त्याला ग्रंथाच्या शब्दयोजनेचा आधार आहे.

तथापि प्रत्येकाने असाच स्वतःचा अर्थ काढावयाचा म्हटल्यास स्वैरतेला मर्यादा कोणती? ह्याचे उत्तर बाराव्या खंडात आहे. पहिल्याच वाक्याचे अनेक अर्थ तेथे मांडले आहेत, आणि त्यांपैकी जे सत्य आहेत ते सर्व ग्राह्य मानले आहेत. ऑगस्टिनचा आक्षेप अर्थभेदाला नाही, अर्थावरील मालकीला आहे. एखादे मत सत्य आहे म्हणून नव्हे, तर ते आपले आहे म्हणून जो त्यावर प्रेम करतो, तो सर्वांच्या समाईक सत्यापासून दूर जाऊन असत्यात पडतो, असे तो बजावतो. वैयक्तिक अर्थ आणि खाजगी अर्थ ह्यांतील हा भेद ह्या खंडांचे सर्वांत मोलाचे देणे होय. स्वतःच्या अनुभवातून अर्थ उमगणे वेगळे आणि तो इतरांना बंद करणे वेगळे. पुढे तेराव्या खंडात ‘फलद्रूप व बहुगुणित होण्या’च्या आशीर्वादाचा संबंधही तो अर्थाच्या बहुलतेशी जोडतो : एक आशय अनेक प्रकारे व्यक्त होतो, आणि एक उक्ती अनेक प्रकारे समजते.

येथे भाषेचा प्रश्न उभा राहतो. मोशे समोर येऊन हिब्रूत बोलला, तर त्याचे शब्द आपल्या कानांवर व्यर्थ आदळतील, अशी कबुली ऑगस्टिन अकराव्या खंडात देतो. त्याच्यापुढील संहिता ग्रीक भाषांतरावरून केलेली जुनी लॅटिन होती. हिब्रूतील ‘तोहू वाबोहू’ ही जोडी ओसाडपणा व रितेपणा ह्यांकडे झुकते. ग्रीकमध्ये तिची ‘अदृश्य व अरचित’ अशी विशेषणे झाली आणि तीच लॅटिनमध्ये उतरली. अदृश्य, निराकार द्रव्याविषयीचे बाराव्या खंडातील विवेचन ह्या विशेषणांवर बरेचसे विसंबून आहे. ‘स्वर्गाचा स्वर्ग’ ही त्याची कल्पना तर एका स्तोत्राच्या भाषांतरातील षष्ठी विभक्तीवर उभी आहे. प्रचलित हिब्रू पाठात ती षष्ठी नाही. म्हणून ह्या भाष्याची समग्र स्वीकृती किंवा समग्र अस्वीकृती दोन्ही अयोग्य ठरतात. अंधार, जलराशी, प्रकाश आणि संध्याकाळ नसलेला सातवा दिवस ह्यांवर आधारलेला अर्थ हिब्रू पाठापुढेही टिकतो. ‘स्वर्गाच्या स्वर्गा’ला मात्र तेथे आधार मिळत नाही. इ. स. १६१६ च्या ‘क्रिस्तपुराणा’त ही कथा मराठी ओवीत आली, आणि पुढे बायबलची मराठी भाषांतरेही झाली. भाषांतरकाराने निवडलेला प्रत्येक शब्द वाचकाच्या अंतर्मुख अर्थाची काही दारे उघडतो व काही बंद करतो, हे त्यांच्या अभ्यासकानेही लक्षात ठेवावयास हवे.

ह्या भाष्याचा दुबळा भाग तेराव्या खंडाच्या उत्तरार्धात आहे. जलचर म्हणजे संस्कारविधी, पक्षी म्हणजे संदेशवाहक, अशा समीकरणांची तेथे रांग लागते आणि अनुभवाची जागा कोश घेतो. धर्ममंडळाच्या व्यवस्थेचे वर्णन म्हणून त्याचे महत्त्व असेल. परंतु ‘माझी पृथ्वी आकारहीन होती’ ह्या जाणिवेतील ताण तेथे ओसरतो. जेथे जगलेले आयुष्य शब्दाला साक्षी आहे, तेथे अर्थ सापडलेला वाटतो. जेथे ती साक्ष नाही, तेथे तो घातलेला वाटतो. साक्ष आहे तेथेही संहितेची परीक्षा टळत नाही, आणि त्या परीक्षेत उतरलेला अर्थही एकट्याचा राहत नाही. ऑगस्टिनच्या भाष्याचा निवाडा त्याच्याच ह्या कसोटीवर करणे न्याय्य होय.