खोटीवर कोरलेली वेल

उमरेडच्या एका स्नेह्यांकडचा जुना इंग्रजी पाइप दुरुस्त होऊन आला आहे. वाटीच्या डाव्या अंगाने द्राक्षाची वेल चढते, दोन पानं पसरते आणि काठाच्या अलीकडे थांबते. उजवं अंग मात्र कोरं. कारागिराला कंटाळा आला की काय?

उत्तर लाकडात आहे. हा पाइप ब्रायरचा. ब्रायर म्हणजे भूमध्य समुद्राकाठच्या एका झुडपाची मुळालगतची गाठ. ती तासन्‌तास उकळतात, महिनोन्‌महिने वाळवतात, मग कातायला घेतात. आच सोसते म्हणून एकोणिसाव्या शतकात आधी फ्रान्समधल्या साँ-क्लोदने आणि मग लंडनने हे लाकूड उचललं. पण जमिनीत वाढताना गाठ खडे पोटात घेते आणि कातताना नेमका खळगा उघडा पडतो. कोणी त्यात लांबी भरतं, कोणी त्यावर नक्षी काढतं. मोठ्या पानाची मधली शीर भिंगातून बघा. बाकीच्या शिरांना पटाशीची धार आहे, ही एकच मध्ये बोथट होते. खळगा तिथेच असावा, असा माझा कयास. उजवीकडे मात्र लाकडाच्या उभ्या रेषा काठापर्यंत सरळ गेल्यात. तिथे हत्यार लावणं पाप ठरलं असतं.

विदर्भाला पाइप नवा नाही. 1963 ते 1975 मुख्यमंत्री राहिलेल्या वसंतराव नाईकांचं चित्र पाइपशिवाय डोळ्यांपुढे येतच नाही. पण फोटोत दिसतो तो रुबाब. कारागिरी कळायला पाइप हातातच घ्यावा लागतो.

दुरुस्ती बहुतांशी समजून केलेली आहे. आतली काजळी खरवडताना पातळ थर राखलाय. तोटी एबोनाइटची, म्हणजे गंधक घालून कडक केलेल्या रबराची. उन्हाने हिरवट पडलेली ती ओल्या पॉलिश पेपरने पुन्हा काळीभोर झाली आहे. घोळ झाला चांदीच्या कडीवर. तिच्यावरच्या शिक्क्यांत सिंह आहे, म्हणजे हजारात 925 भाग चांदी. नांगर आहे, म्हणजे परख बर्मिंगहॅमची. शेजारचं वर्ष सांगणारं अक्षर मात्र चकाकीच्या हौसेपायी घासून सपाट झालंय. एरवी पाइपचं वय तिथेच वाचता आलं असतं.

तुमच्या घरी असा पाइप असेल, तर दुरुस्तीला देण्याआधी कडीवरच्या शिक्क्यांचा जवळून फोटो काढून ठेवा.